संत्र्याला झिंक: सल्फेट-चुना की चिलेट?

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडपासून कळमेश्वरपर्यंतच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत संत्र्याला झिंक (जस्त) कमी पडतं, हे बागायतदाराला सांगायला नको. नवतीची, म्हणजे नव्या फुटीची, पानं बारीक आणि अरुंद निघतात, शिरांच्या मधे पिवळे चट्टे पडतात, फळ लहान राहतं आणि नागपूरच्या कळमना बाजारात त्याचा भाव आकारावर ठरतो. जमिनीतून दिलेलं झिंक सल्फेट अशा मातीत लवकर अडकतं, म्हणून फवारणीच भरवशाची. प्रश्न उरतो तो कशाची फवारणी करायची: झिंक सल्फेट आणि चुन्याची, की चिलेटची, म्हणजे ईडीटीएसारख्या सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेल्या झिंकची.

आधी सल्फेटची बाजू मांडतो, कारण ती कमकुवत नाही. १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम चुना, ही जुनी मात्रा. २१ टक्क्यांचं सल्फेट धरलं तर त्यात १०५ ग्रॅम झिंक जातं. १२ टक्क्यांचं ईडीटीए चिलेट लिटरला अर्धा ते एक ग्रॅम वापरतात, म्हणजे तेवढ्याच पाण्यात ६ ते १२ ग्रॅम झिंक. फरक मोठा आहे आणि किमतीतही सल्फेटच स्वस्त. सल्फेटमधलं बरंचसं झिंक पानावर नुसतं बसून राहतं, हे खरं. तरीही बाग फारच पिवळी पडली असेल, तर पहिली फवारणी सल्फेटचीच घ्यावी असं मला वाटतं.

आता त्रासाचं. तो सगळा चुन्यात आहे. कळीचा चुना आदल्या रात्री विझवा, दुहेरी कापडातून गाळा. प्लास्टिकच्या ड्रममध्ये अर्ध्या पाण्यात सल्फेट आधी विरघळवा, मग ढवळत ढवळत चुन्याचं दूध ओता, पाणी पूर्ण करा आणि त्याच दिवशी संपवा. एवढं करूनही तळाला साका बसतो. पंपाची जाळी भरते, गनचा नोझल चोक होतो, मजूर तारेनं तो कोरतो, छिद्र मोठं होतं आणि मग धुक्याऐवजी धार पडते. मोठ्या झाडाला सात-आठ लिटर द्रावण लागतं. ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० झाडं धरली, तर हे आठशे लिटरपर्यंत जातं आणि दर ड्रमला तोच खेळ.

कंटाळ्यापुरता प्रश्न असता तर चाललं असतं. पण झिंक जुन्या पानातून नव्या पानात फारसं सरकत नाही. नवतीची पानं दोन तृतीयांश आकाराची झाली आणि अजून कोवळी आहेत, तेवढ्याच दिवसांत फवारणी पडायला हवी. पान एकदा जून झालं की द्रावण आत जाणं कठीण. नोझल कोरण्यात सकाळ गेली, दुसऱ्या दिवशी मजूर आला नाही, की आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) नवतीतली ही संधी हातची जाते.

काही जण यावर तोड म्हणून चुन्याची वरची निवळी घेतात. नोझल चोक होत नाही, पण लिटरभर निवळीत चुना जेमतेम दीड ग्रॅम उतरतो. २० लिटर निवळी घातली तरी ३० ग्रॅम, आणि हवा असतो २५० ग्रॅम. चुना घालतात तो सल्फेटचा दाहकपणा मारायला; तो कमी पडला की दाहकपणा तसाच राहतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कोवळी पानं करपतात.

शिवाय हस्त बहाराच्या नवतीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात सल्फेट-चुना मारला, तर तोडणीला आलेल्या आंबियाच्या फळांवर पांढरे डाग उरतात. व्यापाऱ्याला भाव पाडायला तेवढं कारण पुरतं.

चिलेटला यातलं काही नाही. थेट पाण्यात विरघळतं आणि एका सकाळी एकर उरकतो. एका फवारणीवर मात्र भागत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दुसरी घ्यावी लागते. मृग बहाराच्या (जून-जुलैतल्या) नवतीला पाऊस सुरू असेल तर ते धुऊन जातं, तिथे चुन्याचा थर जास्त टिकतो. हे धरूनही, बाग बऱ्या अवस्थेत असेल तर माझं माप चिलेटकडे झुकतं. झिंक मोजून पाहिलं तर ते कमी आहे, पण वेळेवर आणि सगळ्या झाडांवर सारखं पडतं. नवतीच्या पानांच्या रुंदीवरून तरी मला त्यात उणं दिसलेलं नाही.

दोन्हीपैकी काहीही घेण्याआधी झाड नीट बघा. पानाच्या दोन्ही अर्धांत पिवळेपणा सारखा नसेल, तर तो ग्रीनिंग रोग असू शकतो. त्याला झिंकनं उतार पडत नाही. पान आकारानं नेहमीएवढं, पण शिरांची बारीक हिरवी जाळी सोडून सगळं पिवळं असेल, तर कमतरता लोहाची धरावी.

चिलेटच्या नावावर साधं सल्फेटही विकलं जातं. चिमूटभर पावडर ग्लासभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून त्यात खाण्याचा सोडा टाका. सल्फेट असेल तर पाणी पांढरं गढूळ होतं, चिलेट असेल तर स्वच्छ राहतं. विहिरीचं जड पाणी सोड्यानं एरवीही गढूळतं, म्हणून ते या परीक्षेला वापरू नये. दुकानदारासमोरच करून बघितलं तर उत्तम.