पहिलं पाकीट खरं होतं

मे महिन्यात माझ्या समुद्री टाकीतल्या माशांसाठी ‘घरी बनवलेलं’ म्हणून विकलं जाणारं गोठवलेलं खाणं मी एका माणसाकडून पाच किलो घेतलं. सात हजार रुपये आगाऊ दिले. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण आठ वर्षं सांभाळलेली क्लाउनफिशची मादी आणि एकुलती एक क्लीनर कोळंबी (माशांचं अंग साफ करणारी) गेली, म्हणून हे लिहायला बसले आहे. तो माणूस अजून ठाण्यात आणि नवी मुंबईत माल विकतो आहे. त्याने मला सांगितलेलं नाव खरं असेल याची खात्री नाही, त्यामुळे नाव लिहून कुणाचा फायदा होणार नाही. त्याची पद्धत मात्र ओळखता येण्यासारखी आहे.

आमची टाकी चार फुटी, साधारण तीनशे लिटरची, ठाणे पूर्वेला आमच्या बैठकीच्या खोलीत. क्लाउनची जोडी, निळा टँग जातीची एक मासोळी, ती कोळंबी आणि थोडे मऊ प्रवाळ. त्यांचं खाणं आजवर मीच करत आले. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींकडून कोळंबी, माकूल (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपले) आणायच्या. खाडीतली करंदी मी घेत नाही. खाडीच्या काठाला कारखान्यांची इतकी मोठी पट्टी आहे, आणि कोळंबी-प्रवाळांसारख्या जिवांना तांब्याचा थोडा अंशही सोसत नाही. आणलेलं सगळं आरओच्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन मिक्सरमध्ये जाडसर फिरवायचं. गुळगुळीत वाटण झालं तर टाकीत पडताच विरघळतं आणि निम्मं फिल्टरमध्ये जातं. टँग शेवाळ खाणारी, म्हणून न भाजलेली, बिनमिठाची नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पापुद्रा, भिजवून तिचे तुकडे घालायचे. थोडी स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाची भुकटी. मिश्रण धरून राहावं म्हणून चायना ग्रास उकळून घ्यायचं, बोटाला सोसेल इतकं निवलं की ओतायचं आणि भराभर ढवळायचं, कारण चाळीस अंशांच्या आसपास ते घट्ट व्हायला लागतं. जीवनसत्त्वांचे थेंब अगदी शेवटी. कच्च्या शिंपल्यांत आणि काही माशांत थायामिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करतं, त्यामुळे हे थेंब मी कधीच चुकवले नाहीत. मग झिपच्या पिशवीत पातळ थापून फ्रीझरमध्ये. रोज लागेल तेवढा तुकडा मोडायचा.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगते आहे, कारण ज्याला हे येतं त्याचीही फसवणूक होऊ शकते.

एप्रिलमध्ये सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात पट्ट्या बदलणं, व्यायाम, पाहुणे. मासळीचा वास त्यांना सहन होईना. त्याच सुमारास टाकीवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या माणसाचा मेसेज आला: खाऱ्या पाण्याच्या माशांसाठी घरगुती खाणं, ताजी कोळंबी, माकूल, शिंपले, नोरी, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. सोबत स्वच्छ ओट्याचा फोटो आणि मासे तुटून पडताहेत असा व्हिडिओ. मी विचारपूस केली. ऐरोलीकडे राहतो म्हणाला. “ताई, मी धंदेवाला नाही हो. स्वतःच्या टाकीसाठी करतो, त्यातलंच चार घरी देतो.” कुठली कोळंबी घेता, नोरी भाजलेली की साधी, असं सगळं त्याला विचारलं आणि त्याने सगळ्याची बरोबर उत्तरं दिली. जाणकार माणूस होता, एवढं मी आजही म्हणेन.

त्याने दोनशे ग्रॅमचं पाकीट नमुना म्हणून पाठवलं, पैसे न घेता. ते उत्तम होतं. कोळंबीचे तुकडे दिसत होते, माकूलचे पांढरे चौकोन दिसत होते, नोरीचे हिरवट काळे तुकडे होते. पाणी गढूळ झालं नाही. टँगने पहिल्या दिवशी खाल्लं. मी दोन आठवडे तेच वापरलं आणि निर्धास्त झाले.

मग वीस मेच्या आसपास त्याचा फोन. “ताई, एक जूनपासून होड्या बंद. दोन महिने माल मिळणार नाही, मिळाला तर दुप्पट भाव. आत्ताच भरून ठेवा.” आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते हे मला माहीत आहे, त्यामुळे त्याचं बोलणं पटलं. तेव्हा लक्षात यायला हवी होती ती गोष्ट ही, की तळ्यात वाढवलेली व्हन्नामेई कोळंबी बंदीतही बाजारात असते, आणि बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते. बंदीत मासळी महाग होते, पण माशांच्या खाण्यापुरती किलोभर कोळंबी मिळणार नाही अशी वेळ ठाण्यात येत नाही. खरी माहिती देऊन त्याने मला घाईला लावलं.

भाव चौदाशे रुपये किलो. मला घरी करायला यापेक्षा बराच कमी खर्च येतो, पण मेहनतीचे पैसे घेतोय असं मी स्वतःला समजावलं. स्वस्त असतं तर मला संशय आला असता. महाग असल्यामुळेच विश्वास बसला.

माल रात्री दहा वाजता आला, थर्माकोलच्या खोक्यात, एका डिलिव्हरीवाल्या मुलाबरोबर. पाकिटं कडेने मऊ झाली होती. सासूबाईंची गोळ्यांची वेळ होती, मी सगळं उचलून फ्रीझरमध्ये कोंबलं. ही चूक मोठी. त्याच वेळी एक पाकीट वितळवून पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं.

नमुना संपल्यावर तीन जूनला नवं पाकीट उघडलं. तुकडा गुलाबी होता, तोडला तर आत एकसारखा लगदा. टाकीत टाकल्यावर लालसर ढग पसरला. क्लाउननी खाल्लं, टँगने तोंडात घेऊन थुंकलं. मला वाटलं, घाण वाटण झालंय, पुढचं पाकीट बरं असेल. तिसऱ्या दिवशी स्किमरचा, म्हणजे पाण्यातली घाण फेसातून वेगळी काढणाऱ्या यंत्राचा, कप काठोकाठ भरून वाहायला लागला. एरवी तो मी आठवड्याने रिकामा करते. काचेवर चिकट पापुद्रा धरला. सहाव्या दिवशी सकाळी क्लीनर कोळंबी खडकाखाली आडवी पडलेली दिसली. अमोनियाची चाचणी केली तर ०.५ पीपीएम. माझ्या टाकीत तो कित्येक वर्षं शून्य होता. त्याच दिवशी पंच्याहत्तर लिटर पाणी बदललं, दोन दिवसांनी पुन्हा तितकंच. लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, म्हणजे मिठाचाही खर्च आलाच. मादी क्लाउन तोवर कोपऱ्यात वरच्या बाजूला धापा टाकत होती. अकरा जूनला ती गेली.

टाकीत एखादा जीव मरतो तेव्हा शंभर कारणं असू शकतात, हे मला कळतं. म्हणून मी खाण्यावर आरोप करण्याआधी ते तपासलं. तपासायला वेगळं काही लागलं नाही, सगळं घरातच होतं.

सासूबाईंच्या जखमेसाठी आणलेलं पोव्हिडोन आयोडीन कपाटात होतं. खाण्याचा चमचाभर भाग पांढऱ्या बशीत वितळवला, त्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले. काही क्षणांत निळंकाळं झालं. हा पिठाचा रंग. बटाट्यावर किंवा कणकेवर टाकून बघा, तोच येईल. माझ्या फ्रीझरमध्ये घरी केलेल्या खाण्याचा जुना एक तुकडा शिल्लक होता, त्यावर आयोडीन तपकिरीच राहिलं, नोरीच्या तुकड्यांवर लालसर छटा आली, एवढंच. मांसाहारी समुद्री माशांना पिठाचा फारसा उपयोग नसतो. जे पचत नाही ते पाण्यात कुजतं, जीवाणू वाढतात, प्राणवायू कमी होतो. स्किमर का वाहत होता ते तिथे उलगडलं.

दुसरं, वजन. एक किलोचं न उघडलेलं पाकीट चाळणीत तासभर ठेवलं. खाली गुलाबी पाणी साचलं आणि वर उरलं सहाशे दहा ग्रॅम. चौदाशे रुपये किलोने मी पाणी घेतलं होतं, आणि उरलेल्यात पीठ.

तिसरं, फॉस्फेट. कोळंबीत पाणी धरून राहावं, वजन वाढावं म्हणून ती फॉस्फेटच्या द्रावणात बुडवण्याचा प्रकार मासळीच्या धंद्यात सर्रास ऐकू येतो. कुठल्याही मांसात फॉस्फेट असतंच, त्यामुळे नुसती चाचणी करून काही कळत नाही, तुलना करावी लागते. मी दहा ग्रॅम माझं खाणं आणि दहा ग्रॅम त्याचं, वेगवेगळ्या लिटरभर आरओच्या पाण्यात तासभर ठेवलं, गाळलं आणि टाकीच्याच किटने तपासलं. माझ्या पाण्याला फिकट निळा रंग आला, त्याच्या पाण्याला गडद. काचेवरचा पापुद्रा आणि आता दगडांवर वाढणारं केसाळ शेवाळ, दोन्ही त्यानंतरचं आहे.

चाळणीत कातड्याचे दोन तुकडे सापडले होते. ते डबीत घालून मी मावशींकडे गेले. त्यांनी बोटांवर घेतले, नाकाशी नेले आणि लगेच म्हणाल्या, “ह्यो दर्याचा मासाच नाय गो. गोड्या पाण्याचा हाय, तो बिनखवल्यांचा. कुनी दिला तुला?” मी सांगितलं तर त्या चिडल्याच. त्यांचं म्हणणं एकच, माझ्याकडून आठ वर्षं घेतेस, दोन महिने जमत नव्हतं तर मला सांगायचंस, मी साफ करून दिली असती. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गोड्या पाण्यातल्या अशा माशाच्या मांसात समुद्री माशांना लागणारी ओमेगा-३ फार कमी असतात, आणि ती पुरेशी स्वतः तयार करण्याची क्षमता बहुतेक समुद्री माशांत नसते. म्हणजे पीठ आणि पाणी काढून जे उरलं, तेही त्यांच्या कामाचं नव्हतं.

त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला, “ताई, तुमचा स्किमर चेक करा, टाकीचा प्रॉब्लेम असेल.” आयोडीनचा फोटो पाठवल्यावर म्हणाला की बाइंडर म्हणून थोडं पीठ सगळेच घालतात. थोडं किती, ते सांगेना. मग, गोठवलेला माल परत घेत नाही. तिसऱ्या दिवशी मला ब्लॉक केलं. मी ग्रुपवर लिहिलं तर मेसेज काढून टाकला गेला, पण तोवर दोघांनी वाचला होता. एक खारघरचे, एक घणसोलीचे. दोघांनी वेगळे मेसेज करून तीच हकीकत सांगितली: नमुना उत्तम, मग बंदीची घाई, मग मोठी ऑर्डर. घणसोलीच्या काकांनी त्याचा ओट्याचा फोटो इंटरनेटवर उलट शोधून पाहिला, तो परदेशातल्या एका संकेतस्थळावरचा निघाला. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि पैसे देण्याआधी मी ते केलं नव्हतं.

१९३० हा ऑनलाइन आर्थिक फसवणुकीचा क्रमांक, तिथे पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे रोखण्याची शक्यता जास्त. माझ्याकडे माल आलेला होता आणि तीन आठवडे उलटले होते, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. यूपीआयची पावती, त्याचे मेसेज, वजनकाट्यावरचे फोटो एकत्र केले आहेत. न उघडलेली तीन पाकिटं तारीख लिहून फ्रीझरमध्ये वेगळी ठेवली आहेत. सासूबाई म्हणतात टाकून दे ती घाण, पण पुरावा म्हणून ती लागतील. तुमच्यापैकी कुणी याच पद्धतीने फसलं असेल तर पाकिटं टाकू नका, आणि खारघर-घणसोलीच्या दोघांसारखं मला कळवा. एकाच विक्रेत्याविरुद्ध चार तक्रारी एकत्र गेल्या तर त्याला टाळता येणार नाही.

ज्यांना विकत घेतल्याशिवाय इलाज नाही, त्यांनी नमुन्यावरून ठरवू नका. मोठ्या ऑर्डरमधलं मधलंच कुठलं तरी पाकीट, माल आणणाऱ्यासमोर, वितळवून आणि वजन करून बघा. त्याला थांबायला सांगायचा संकोच वाटला तर निम्मेच पैसे आधी द्या. आयोडीनची बाटली स्वस्तात मिळते.

जुलैत मावशींनी व्हन्नामेई आणि माकूल साफ करून, वेगवेगळ्या पिशव्यांत घालून दिली. वास फार येऊ नये म्हणून मी सगळं गच्चीवर बसून केलं. टँग दुसऱ्या दिवशी खायला लागली, अमोनिया पुन्हा शून्य आहे, केसाळ शेवाळ अजून हाताने उपटते आहे. क्लाउनचा नर एकटाच जोडीच्या नेहमीच्या जागेवर फिरतो. क्लाउनफिशमध्ये जोडीतली मादी गेली की नर हळूहळू मादी होतो. आमचा गेल्या महिन्यापासून अंगाने भरायला लागला आहे. तो पुरता बदलला की त्याच्यासाठी एक लहान नर आणणार आहे.