चार प्यादी एका घरात

सोलापुरात नवी पेठेतल्या गर्दीतून एका गल्लीत आत वळलं की हे खेळांचं दुकान लागतं. नाव लिहीत नाही. पुढं मालकांबद्दल थोडं कडू लिहायचंय आणि मला परत तिथंच जायचंय.

मे महिन्यात भर दुपारी मी आणि माझी आठवीतली मुलगी पहिल्यांदा गेलो. मालक गल्ल्यावर मोबाइलमध्ये, दोन पोरं पंख्याखाली स्टुलावर. दहा मिनिटं आम्ही फळ्या न्याहाळत उभे. शेवटी मुलीनंच वरच्या फळीवरच्या कटान नावाच्या बैठ्या खेळाच्या डब्याकडं बोट दाखवलं, "तो बघायला मिळेल का?" पोरगं माझ्याकडं बघून म्हणालं, "महाग आहे हो तो, साहेब." विचारलं तिनं, उत्तर मला! वास्तविक त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही. पुण्यात आत्तेभावाकडं सुट्टीत खेळून आली होती ती. "पप्पा, ऑनलाइन मागवू," म्हणाली, आणि आम्ही पायरी उतरलो.

समोरून या दुकानातले काका जेवून येत होते. साठीचे असतील. काहीच न घेता निघालो म्हटल्यावर आम्हाला परत आत घेऊन गेले, डबा काढला आणि तो मुलीच्या हातात दिला.

"घरात खेळणार किती जण?"

"मी आणि पप्पा. आई नाही खेळत."

"मग हा नको बाळा. याला निदान तिघं लागतात, डब्यावरच लिहिलंय बघ. लाकूड, विटा, मेंढ्या, गहू एकमेकांना द्यायचे-घ्यायचे असतात. दोघांत बाजार कसला भरणार?"

तीन हजारांच्या वरची विक्री या माणसानं अशी सोडून दिली. मालकांनी मोबाइलमधून मान वर काढली ती तेव्हाच. कटान हा १९९५ सालचा जर्मन खेळ. काकांनी तो स्वतः एकदाही खेळलेला नाही, असं त्यांनीच नंतर सांगितलं. रविवारी कॉलेजची पोरं मागच्या टेबलावर खेळतात, ते शेजारी उभं राहून बघतात. त्या टेबलावरच्या डब्यातला एक फासा हरवलाय, त्याच्या जागी लुडोचा आहे.

मग बुद्धिबळावर आलो. २०२४ मध्ये गुकेश जगज्जेता झाला तेव्हापासून मुलीच्या वर्गात तेच वेड आहे. काकांनी तीन संच काढले आणि एक गंमत दाखवली. चार प्यादी उचलली आणि पटाच्या एकाच घरात उभी केली. पहिल्या पटावर ती ऐसपैस बसली, मध्ये बोट जाईल एवढी फट. "इथं पाचवं भाडेकरू ठेवता येईल." दुसऱ्यावर चौथं प्यादं रेषेबाहेर लटकलं. तिसऱ्यावर चारही अंगाला अंग लावून नीट मावली. घराची बाजू प्याद्याच्या बुडाच्या साधारण दुप्पट हवी, म्हणजे पट आणि मोहरे एकमेकांना शोभतात. मग राजा उलटा करून बुडाचं मखमली कापड दाबून पाहिलं, आत वजन आहे ना. घोड्याच्या मानेवरून मुलीला बोट फिरवायला लावलं, साच्याची धार लागते का म्हणून. हे सगळं तिच्याशी चाललं होतं. मी पिशवी धरून उभा.

एवढ्यात एक आजी तेलुगूत पत्त्यांचा जोड मागून गेल्या आणि एक गृहस्थ कन्नडमध्ये कॅरमची पावडर. काका दोघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत. आपल्या सोलापुरात यात नवल नाही, पण मालक सगळ्यांना "क्या चाहिए" म्हणतात.

कॅरम हा माझा प्रांत. पुढच्या खेपेला स्ट्रायकर घ्यायला गेलो. पोरगं म्हणालं, "हा घ्या, जड आहे, मस्त मार बसतो." काकांनी तो तळहातावर तोलला आणि पोराला समोरच्या सोनाराकडं पिटाळलं. वजन भरलं अठरा ग्रॅम. स्पर्धेत पंधराच्या वर चालत नाही. चाळीस वर्षं खेळतोय, मी कधी स्ट्रायकर तोलला नव्हता.

आता तक्रार. त्याच दुकानातून घेतलेल्या बुद्धिबळाच्या डिजिटल घड्याळाचं बटण महिन्याभरात अडकायला लागलं. बिल नव्हतं. घेतानाच मागितलं तर मालक म्हणाले होते, "बिल पायजे होय?" आणि त्या सुरात मी गप्प बसलो. चूक माझीही. परत न्यायला गेलो तर, "माल एकदा बाहेर गेला की आमचा संबंध संपला." काकांनी मध्ये पडून घड्याळ ठेवून घेतलं, माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी रबरानं बांधली आणि खणात टाकलं. त्याला तीन आठवडे झाले. दोनदा फोन केला, दोन्हीदा मालकांनी उचलला, "बघतो" म्हणाले. काकांपर्यंत निरोप जातो की नाही, देव जाणे.

जायचं तर पाचनंतर जा. दुपारी काका जेवायला जातात, तेव्हा उन्हात हेलपाटा घालू नका. मुलीला आता तिथं एकटीला पाठवतो. यायला तासभर लागतो तिला. परवा तिसरी भिडू म्हणून आईला पटवून आली, कटानचे पैसे मागतेय.