जुन्या वस्तीतले भाड्याचे घर: तीन वर्षे राहिल्यानंतरचे परीक्षण

शहराच्या जुन्या गाभ्यात, संरक्षित म्हणून घोषित झालेल्या वस्तीतील एका इमारतीचा तळमजला आणि त्यावरची एक खोली आम्ही एका व्यवस्थापन संस्थेमार्फत भाड्याने घेतली, त्याला आता तीन वर्षे झाली. जाहिरातीत ऐतिहासिक वातावरण, सांस्कृतिक समृद्धी आणि सर्व आधुनिक सोयी अशी तीन आश्वासने होती. पहिली दोन बऱ्याच अंशी खरी निघाली. तिसऱ्या आश्वासनाने मात्र पहिल्या दोहोंचे नुकसान केले, आणि हे परीक्षण लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

आधी घराविषयी. भिंती दीड ते दोन फूट जाड आहेत, कारण इमारतीचा सगळा भार त्यांच्यावरच आहे. खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये हलक्या भिंती हा प्रकार येथे नाही. त्यामुळे दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर खिडक्या उघडण्याजोगी हवा बाहेर आलेली असते. याच कारणाने खोल्यांची रचना बदलता येत नाही. दोन खोल्या एक करण्याची कल्पना ज्यांच्या मनात असेल त्यांनी ती उंबरठ्याबाहेरच ठेवावी. एकही कोपरा काटकोनात नाही. आमच्या कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी पहिल्या दिवशी गेली, ती आजही तिथेच आहे.

वर जाणारा दगडी जिना हा या घराचा मला सर्वांत आवडलेला भाग आहे. प्रत्येक पायरी मधोमध झिजून तिला उथळ खळगा पडला आहे, पण वरून तिसऱ्या पायरीचा खळगा डावीकडे सरकलेला आहे. तिथे दाराची चौकट थोडी पुढे आलेली असल्याने चढणारा-उतरणारा प्रत्येक जण नकळत अंग चोरतो, आणि कित्येक पिढ्यांनी चोरलेले अंग त्या दगडात उमटले आहे. याच जिन्याने आमचा मोठा पलंग वर नेऊ दिला नाही, हेही नोंदवले पाहिजे. ॲमस्टरडॅममधील कालव्याकाठच्या घरांना माथ्यावर सामान ओढून घेण्यासाठी तुळई आणि आकडा असतो, कारण तिथले जिने असेच अरुंद आहेत. आमच्याकडे तशी सोय नसल्याने पलंग सुटा करून खिडकीतून घ्यावा लागला.

आता तक्रारीचा मुद्दा. आम्ही राहायला येण्यापूर्वी संस्थेने तळमजल्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून त्यावर प्लास्टिक रंग दिला होता. घर पाहायला गेलो तेव्हा ते अगदी स्वच्छ दिसले आणि आम्ही समाधानाने सही केली. पहिला पावसाळा सरताच गुडघ्याच्या उंचीवर रंगाला फुगे आले, मग पोपडे निघाले, आणि त्यांच्यामागे बोटाला लागणारा पांढरा, खारट लोणा दिसू लागला. तक्रार केल्यावर संस्थेने पोपडे खरवडून पुन्हा सिमेंटच लावले, या वेळी थोडे अधिक उंचीपर्यंत. पुढच्या वर्षी ओल त्या नव्या गिलाव्याच्या वर, वीतभर उंचीवर उगवली.

कारण साधे आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. पायातून चढणारा ओलावा चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत निघून जातो, म्हणजे ती भिंत थोडी ओली होते आणि पुन्हा सुकते. सिमेंट आणि प्लास्टिक रंग हा मार्ग बंद करतात. मग पाणी वाट शोधत आणखी वर चढते, सोबत आणलेले क्षार जिथे सुकेल तिथे सोडते, आणि त्या क्षारांचे स्फटिक फुगून विटांचा पृष्ठभागच फोडतात. तिसऱ्या वर्षी, बऱ्याच पत्रव्यवहारानंतर, चुन्याचे काम जाणणारा एक गवंडी आला. त्याने सगळे सिमेंट उतरवले, भिंत अनेक आठवडे उघडी सुकू दिली आणि मग चुन्याचे पातळ थर एकेक करून चढवले. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू घट्ट होतो, त्यामुळे या कामात घाई चालत नाही. तेवढे दिवस आमची बैठकीची खोली वापराविना पडून राहिली, परंतु त्यानंतरच्या पावसाळ्यात भिंत कोरडी होती. घराच्या वयाला जो दोष दिला जात होता तो तीन-चार वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीचा निघाला.

दर्शनी दारावर संस्थेने बसवलेल्या नक्षीदार पट्टीविषयीही लिहिले पाहिजे. ती नवी आहे, परंतु जुनी वाटावी म्हणून मुद्दाम काळवंडलेली आहे. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटले आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. येथे तो अंदाजापासूनच सुरू झालेला दिसतो. गंमत अशी की आम्हाला रस्त्याकडील खिडकीला दुहेरी काच बसवायची होती, तेव्हा तीच संस्था संरक्षणाच्या नियमांकडे बोट दाखवून नाही म्हणाली. नियम योग्यच आहेत. इंग्लंडमध्ये तर 1990 च्या कायद्यानुसार संरक्षित इमारतीत विनापरवाना बदल करणे हा फौजदारी गुन्हा ठरतो. माझा आक्षेप इतकाच की हे निर्बंध करारापूर्वी सांगितले गेले नाहीत. शेवटी जुन्या खिडकीला हात न लावता आतून दुसरी झडप बसवण्याची परवानगी मिळाली आणि आवाज बराच कमी झाला.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर वस्तीविषयी. गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दगडी, त्यामुळे बोललेला शब्द खाली पडत नाही. समोरच्या सभागृहात संध्याकाळी वादकांचा सराव चालतो. एकच अवघड ओळ ते वीस वेळा घोळवतात, आणि अखेरीस ती जमते तेव्हा आमच्याही स्वयंपाकघरात सुटल्यासारखे वाटते. शेजारी एक पुस्तकबांधणीचे दुकान आहे, ज्याचा मालक दिवसभर दारातच बसलेला असल्याने कोणाकडे कोण आले हे त्याला ठाऊक असते. शहरांच्या जीवनावर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये रस्त्यावरची सुरक्षितता अशा सहज लक्ष ठेवणाऱ्या नजरांवर अवलंबून असते असे मांडले होते, त्याचा पडताळा येथे रोज येतो. पर्यटकांचे मार्गदर्शक आमच्या दारासमोर थांबून इमारतीचे वय सांगतात. तीन वर्षांत मी चार वेगवेगळी वये ऐकली आहेत.

या वस्तीचे पुढे काय होईल याची मात्र चिंता वाटते. आमच्या गल्लीतील सात दारांपैकी तीन दारांवर आता आकडे फिरवून उघडायच्या किल्ल्यांच्या पेट्या लागल्या आहेत, म्हणजे तिथे दोन-तीन रात्रींचे पाहुणे उतरतात, आणि त्यांच्या बॅगांची चाके पहाटे पाच वाजता फरशीवर खडखडतात. तीनपैकी दोन घरे आमच्याच संस्थेच्या हाताखाली आहेत. व्हेनिसच्या ऐतिहासिक केंद्रात 1951 मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्याही खाली गेली. बार्सिलोनाने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने 2028 अखेर संपवण्याचे जाहीर केले आहे, ते अशाच अनुभवातून. आमच्याकडे फरक लहान गोष्टींत कळतो: कोपऱ्यावरचे हार्डवेअरचे दुकान गेले, त्या जागी शोभेच्या वस्तू आल्या, आणि एक स्क्रू आणायचा तर वस्तीबाहेर जावे लागते.

ज्यांना दारात वाहन हवे, खोल्या मनाप्रमाणे हलवायच्या आहेत किंवा रात्री दहानंतर संपूर्ण शांतता हवी, त्यांनी हे घर घेऊ नये. ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी ते मोठ्या पावसानंतर पाहावे, नव्या रंगाच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून कुठे पोकळ वाजते ते ऐकावे आणि एकदा रात्री गल्लीत उभे राहावे. घराला माझे पूर्ण गुण आहेत, व्यवस्थापनाला निम्मेही नाहीत. आम्ही करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे, परंतु या वेळी त्यात भिंतींची दुरुस्ती फक्त चुन्याने होईल आणि गवंडी आमच्या संमतीने नेमला जाईल, अशी दोन कलमे सही करण्यापूर्वी घालून घेतली.