नेता जोखायचा कशावर: मतपेटीवर की सभागृहातल्या मतावर?

नागपुरात निवडणुकीचे आकडे पानठेल्यावरही तोंडपाठ असतात. विलास मुत्तेमवार सात वेळा खासदार: आधी चिमूर, मग १९९८ ते २००९ सलग चारदा नागपूर. बनवारीलाल पुरोहित १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून जिंकले, १९९६ ला भाजपकडून. गडकरी २०१४ पासून तिन्ही वेळा निवडून आले, पण मताधिक्य दर वेळी घटलं: साधारण २ लाख ८४ हजार, २ लाख १६ हजार, १ लाख ३७ हजार. नुसत्या विजयापेक्षा हा उतार जास्त बोलका.

आता दुसरी बाजू. निवडून आलेल्यांनी सभागृहात मत कसं दिलं? इथं हाती फारसं लागत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. 'होय'चा गलका, की झालं! कोण काय म्हणालं, याची नोंदच नाही. शिरगणती क्वचितच. राज्याच्या विधानसभेत ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला ती झाली, १६४ विरुद्ध ९९. त्यातही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर आमदारकी जाऊ शकते. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तरच बचाव. म्हणजे ते मत आमदाराचं कमी, पक्षाचं जास्त.

म्हणून माझा कौल निवडणुकीच्या आलेखाला, पण अर्धाच. लोक का निवडून देतात ते त्यात दिसतं, निवडून आल्यावर गडी काय करतो ते नाही. त्यासाठी हिवाळी अधिवेशनातले तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या) चाळाव्यात. तिथं व्हिप आड येत नाही.