जिवंत आमिषासाठी बॅटरीवरचा हवापंप आणि बादली: बरेच महिने वापरल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. धक्क्यावरून रात्री खाऱ्या पाण्यात जिवंत मासा लावून गळ टाकत असाल, तर हा पंप घ्या. नुसती कोळंबी लावत असाल तर नका घेऊ. कोळंबी ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवली तरी काही तास चांगली तडफदार राहते. बोय आणि तारली एवढ्या सोशिक नसतात. त्यातही तारली फारच नाजूक, नुसत्या हाताळण्यानेच खवले सोडते.

वस्तू साधी आहे. पंधरा लिटरची, जाड भिंतीची गोल बादली, झाकणाला हात जाईल एवढी खिडकी, बाहेर अडकवायचा चार्जिंगचा पंप, नळी आणि एअरस्टोन, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचा, हवेचे बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड. बादली गोल आहे हे फार बरं केलंय. चौकोनी डब्यात थव्याने फिरणारे मासे कोपऱ्यात अडकतात आणि नाकाडं घासून घासून लाल करून घेतात. आतला रंग पांढरा असल्याने मंद उजेडातही कोण पोहतंय आणि कोण आडवं झालंय ते लगेच दिसतं. झाकणाची खिडकी मला आधी फालतू वाटायची, पण अंधारात अख्खं झाकण उघडलं की बोय उडी मारून थेट फळ्यांवर येते, म्हणून तिचं महत्त्व.

आता पंप. समुद्राच्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी मावतो. २५ अंश सेल्सिअसला गोडं पाणी लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास धरतं, समुद्राचं पाणी ६.७ च्या आसपास, आणि तेच ३० अंशांवर गेलं की ६.२. त्यात डझनभर बोटभर बोय सोडल्या की हा साठा बघता बघता संपतो आणि सगळ्या वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. म्हणून पंपाच्या जोरापेक्षा बुडबुड्यांचा आकार महत्त्वाचा. मोठा बुडबुडा भसकन वर येऊन फुटतो. बारीक बुडबुडे सावकाश चढतात, आणि तेवढ्याच हवेचा पाण्याशी संबंध कितीतरी जास्त येतो. सोबत आलेला एअरस्टोन जाडाभरडा होता, तो मी बदलला. फार बारीक छिद्रांचा मात्र घेऊ नका. त्याला दाब जास्त लागतो आणि पंप कण्हायला लागतो.

खोक्यावर बॅटरीचे जे तास लिहिलेत ते थांबून थांबून चालणाऱ्या सेटिंगचे आहेत, आणि तेही बारीक अक्षरात. सलग चालवला तर संध्याकाळपासून उजाडेपर्यंत पुरतो, त्यापुढे नाही. मला तेवढं बास आहे. पण ते थांबून चालणारं सेटिंग हीच या पंपाची खरी खोट आहे. अडकवायची क्लिप अशी दिलीय की पंप बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली लोंबतो. तो थांबला की नळीतून पाणी उलटं ओढलं जातं आणि सरळ पंपात शिरतं. पहिला पंप असाच गेला. बदलून दुसरा मिळाला, पण मांडणी तीच. मत्स्यालयाच्या सामानात एक चिमुकला एकदिशा व्हॉल्व्ह मिळतो, तो नळीत बसवला आणि पंप दोरीने कठड्याला उंच टांगला, तेव्हापासून त्रास नाही. एवढासा व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांनी खोक्यात टाकला असता तर काय बिघडलं असतं?

चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच आता सैल झालंय. पॉवरबँक लावून चालवायचा तर ते उघडं ठेवावं लागतं, म्हणजे खारं दमट वारं थेट आत. चालू असल्याचा निळा दिवा उगाच प्रखर आहे. त्यावर मी काळी पट्टी चिकटवली आहे. बादलीवर पांढरा हेडलॅम्प मारला की मासे सैरावैरा धडकतात, त्यामुळे आमिष काढताना लाल उजेड लावतो.

पंप हवा देतो, घाण काढत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असल्याने त्यातला विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा सहसा जास्त असतो, आणि उष्म्यात आणखी वाढतो. पृष्ठभागावर चिकट फेस साचू लागला की समजायचं, आता अर्धं पाणी बदला. अर्धंच, सगळं नाही. जोरदार पाऊस होऊन गेला असेल तर खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि दोरीची बादली नेमकं तेच उपसते. खारेपणातला तो धक्का माशांना झेपत नाही. नळाचं पाणी तर थेंबभरही नको, त्यातलं क्लोरीन घात करतं. पाणी गार ठेवायचं तर बर्फ सुटा न टाकता बंद बाटलीत गोठवून टाकावा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पाणी फिरण्याच्या वेळेसाठी. जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर असतं, आणि वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. निवांत झालेलं पाणी पुन्हा ओढू लागतं, तेव्हा खांबांआड दबा धरलेले मोठे मासे बाहेर पडतात. ती वेळ रात्री दोन-अडीचला येणार असेल आणि बादलीतले मासे बाराला मलूल झाले असतील, तर पुढचं जागरण फुकट. आधी मी चांगली आमिषं संध्याकाळीच वापरून टाकायचो, कारण नंतर ती राहायचीच नाहीत. आता पहाटेची बोयही पहिलीसारखीच उसळते, आणि उसळणाऱ्या आमिषावर झेप कशी येते ते वेगळं सांगायला नको.

उसळणारं आमिष सांभाळायलाही लागतं, बरं का. पाण्याला ओढ असेल तर गळ वरच्या ओठातून घालतो, म्हणजे मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो. पाण्याची ओढ थंडावली की पाठीच्या पराच्या जरा पुढे. धक्क्यावर दिवे असतील तर भर उजेडात टाकत नाही. उजेडात बारीक मासळी जमते, शिकारी मात्र सावलीच्या कडेला थांबतो. ताजातवाना मासा आसऱ्यासाठी खांबाकडे पळतो, तेव्हा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जरा ताणलेलं ठेवावं लागतं, नाहीतर कालवांच्या धारेवर ते कापलंच म्हणून समजा. मी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापरतो, त्याला हिसका देत नाही. काठी वाकू दिली आणि रील फिरवत राहिलं की गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो.

देखभाल कंटाळवाणी आहे पण टाळता येत नाही. घरी आल्यावर एअरस्टोन गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा, नाहीतर छिद्रांत मिठाचे खडे बसतात. क्लिपचे स्क्रू गंजले, त्या जागी ३१६ दर्जाचं स्टेनलेस लावलं. ३०४ सुद्धा खाऱ्या हवेत ठिपके धरतं.

तुमचा धक्का पाण्यापासून हातभरच उंच असेल आणि लाटा शांत असतील, तर पंपाच्या नादी न लागता जाळीचा डबा थेट समुद्रात सोडा. ताजं पाणी आयतं मिळतं, बॅटरीची कटकट नाही. उंच धक्क्यावर मात्र तो डबा लाटेबरोबर खांबावर आपटत राहतो आणि दर आमिषाला वर ओढायचा म्हणजे हाताचं काम होतं. तिथे ही बादलीच बरी.