सायलेन्सर आधी की स्प्रॉकेट?

कोल्हापुरात स्पोर्ट बाईक घेतली की पहिली हौस स्लिप-ऑन सायलेन्सरची, म्हणजे मूळ पाइप तसाच ठेवून फक्त मागचा डबा बदलायची. आवाज नाद खुळा, वजनही घटतं. पण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा पुढच्या पाइपातच राहतो, त्यामुळे ३००-४०० सीसीच्या सिंगल सिलिंडरला नुसत्या स्लिप-ऑननं ताकद फारशी मिळत नाही. खरा फरक हवा तर फुल सिस्टम (इंजिनापासून मागपर्यंत सगळा पाइप नवा) आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, रिमॅप; म्हणजे खर्च कुठल्या कुठे. शिवाय आवाज मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आहेच.

त्यापेक्षा पुढचं स्प्रॉकेट (इंजिनाकडचं, चेन ओढणारं दातेरी चाक) १५ ऐवजी १४ दात्यांचं बसवा. घोडे (हॉर्सपॉवर) तेवढेच, पण मागच्या चाकावरचा ओढा सुमारे ७ टक्के वाढतो. भुईबावडा घाटातून गगनबावड्याकडे चढताना वळणातून गाडी लगेच उचलते, सारखा गिअर पाडावा लागत नाही. तोटा महामार्गावर: कागल-निपाणी पट्ट्यात त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, पेट्रोलही थोडं जास्त जातं. गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीत काटा खोटं बोलतो. चेन झिजलेली असेल तर तीही सोबतच बदला.

घाटवाल्यानं डोळे झाकून स्प्रॉकेट घ्यावं. रोज पुण्याकडे पळणाऱ्यानं मूळचंच ठेवावं. सायलेन्सर? कानांसाठी घ्यायचा असेल तर घ्या, पण डीबी किलर (आवाज दाबणारा आतला तुकडा) काढू नका.