इम्युनिटी ज्यूसची बाटली: पाचपैकी एक स्टार, तोही चवीसाठी

सध्या आमच्या सिंधुदुर्गात जिथे जाल तिथे मिळतो तो हिरव्या बाटलीतला इम्युनिटी ज्यूस. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण असे ढीगभर आहेत आणि सगळ्यांची लेबलं एकाच प्रेसमधून छापून आल्यासारखी. गुळवेल, अश्वगंधा, नोनी, हळद, किंमत हजाराच्या वर. काकीची कॅन्सरची ट्रीटमेंट परळला चालू आहे हे कळल्यावर नात्यातल्या कुणीतरी काकांना कणकवलीतल्या एका दुकानात नेलं आणि तिथे ही बाटली त्यांच्या गळ्यात मारली. "घेवन तर बघा, नुकसान काय एक नाय," असं दुकानदाराचं म्हणणं.

आधी बाटलीबद्दल. चव आंबट-तुरट, शेवटी जिभेवर कडू राहते, पण पिण्यासारखी आहे, त्याचा एक स्टार. झाकण भिकार. तुतारीने रात्री मुंबईला जाताना पिशवीतच गळली आणि काकीच्या बायोप्सी रिपोर्टचा अख्खा कोपरा हळदीने पिवळा. पुढच्या बाजूला ठळक अक्षरात 'टी-सेल्स वाढवते, गाठ विरघळवते' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. म्हणजे परवाना फूड सप्लिमेंटचा आणि तोंड औषधाचं! कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, तरी हे राजरोस चालू आहे.

काकांनी चष्मा पुढे करून मला सांगितलं, "बाबू, काय लिवला हा ता वाच बघू," म्हणून मी वाचलं आणि डोकं सटकलं.

कारण समजा, समजा हं, ज्यूसने खरंच रक्तातल्या टी-सेल्स, म्हणजे कॅन्सरच्या पेशी ओळखून मारू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढवल्या, तरी गाठीला काय फरक पडणार? बऱ्याचदा अडचण संख्येची नसतेच, आत शिरण्याची असते. टी-सेलला कॅन्सरची ओळख पटते लिम्फ नोड या इम्यून पेशींच्या ठाण्यात, मग ती रक्तातून फिरत फिरत गाठीतल्या बारीक रक्तवाहिनीत येते, तिथे रक्ताचा लोंढा चालू असतो त्यामुळे आधी वाहिनीच्या आतल्या भिंतीवरची सिलेक्टिन नावाची प्रथिनं तिला हलकेच धरतात आणि ती गडगडत हळू होते, मग गाठीकडून येणारे केमोकाइन, म्हणजे पेशींना बोलावणारे रासायनिक निरोप, त्यात सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० महत्त्वाचे, तिच्या अंगावरच्या सीएक्ससीआर३ या निरोप घेणाऱ्या रिसेप्टरला लागतात, लगेच तिचे इंटिग्रिन, म्हणजे चिकटायचे हात, जागे होऊन भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट चिकटतात, आणि मग ती भिंतीतल्या दोन पेशींच्या मधून अंग चोरून पलीकडे जाते. यातली एखादी पायरी हुकली की ती तशीच रक्ताबरोबर पुढे निघून जाते.

आणि गाठ नेमक्या याच पायऱ्या बिघडवते. ती व्हीईजीएफ हे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडते, त्याने वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या होतात, भिंतीवरचं आयकॅम-१ कमी होतं म्हणजे टी-सेलने धरायचं कशाला? बोलावणारे केमोकाइनही काही गाठी दाबून टाकतात. एवढ्यातून ती पलीकडे गेलीच तर पुढे फायब्रोब्लास्ट या धागे विणणाऱ्या पेशींनी रचलेले कोलॅजनचे जाड थर आणि जोडीला टी-सेल्सना अडवणारं टीजीएफ-बीटा, त्यामुळे खूप गाठींमध्ये टी-सेल्स काठाला गोळा झालेल्या दिसतात आणि आत सामसूम. आता खाडीच्या तोंडाशी गाळ साचून होड्या बाहेर अडकल्यात आणि कुणी म्हणतंय आणखी होड्या बांधा, हा ज्यूस त्यातला प्रकार.

२००६ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी तपासून दाखवलं की पेशंट किती जगेल याचा अंदाज गाठीत कुठल्या इम्यून पेशी, किती आणि कुठे आहेत यावरून नेहमीच्या स्टेजपेक्षाही चांगला बांधता येतो. पुढे त्यातूनच इम्युनोस्कोअर आला, त्यात सीडी३ आणि सीडी८ या खुणा असलेल्या टी-सेल्स गाठीच्या मध्यात आणि काठावर मोजतात. बघा, मोजणी गाठीत होते. आणि दुकानदार दाखवतो काय, तर कुणाच्या तरी सीबीसीमध्ये, म्हणजे साध्या रक्ततपासणीत, वाढलेल्या पांढऱ्या पेशी. त्या साध्या इन्फेक्शनने पण वाढतात, स्टेरॉइडने पण वाढतात.

शिवाय सरसकट 'इम्युनिटी वाढवा' याला अर्थच नाही, कारण आत जाणारी प्रत्येक इम्यून पेशी आपल्या बाजूची नसते. गाठ सीसीएल२ हा केमोकाइन सोडून मोनोसाइट या पांढऱ्या पेशी बोलावते, त्यांचे आत मॅक्रोफेज (गिळणाऱ्या मोठ्या पेशी) होतात आणि त्यातले बरेच गाठीच्याच कामाला लागतात. सीसीएल२२ या दुसऱ्या केमोकाइनने रेग्युलेटरी टी-सेल्स येतात, त्या बाकीच्यांना गप्प बसवतात. मग ज्यूस नक्की कुणाला वाढवतो? लेबल गप्प.

काकीला जी इम्युनोथेरपी चालू आहे ती पीडी-१ या टी-सेलवरच्या ब्रेकवर काम करते, म्हणजे गाठीपर्यंत पोचलेल्या टी-सेलला मिळणारा 'थांब' हा निरोप तोडते. याच प्रकारच्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण आत पेशीच नसतील तर तिचाही जोर कमी पडतो, म्हणून काही कॅन्सरमध्ये व्हीईजीएफ अडवणारं औषध जोडीला देतात, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अशी जोडी २०२० पासून आहे. जगभरचे लोक या एका दारापाशी डोकं फोडतायत आणि इथे दोन झाकणं सकाळी उपाशीपोटी.

बाटलीच्या पत्रकात वर 'कार-टी सारखा परिणाम' असंही छापलंय. कार-टी म्हणजे काय गंमत वाटली का? आयआयटी मुंबई आणि टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी बनवलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात पेशंटच्याच टी-सेल्स काढून, बदलून परत सोडतात, आणि ती पण रक्ताच्या कॅन्सरसाठी. घट्ट गाठींमध्ये कार-टी अडखळते त्याचं एक मोठं कारण हेच, आत जाता येत नाही.

'नुकसान नाय' हे पण खोटं. इम्युनोथेरपीने कधी कधी लिव्हरला सूज येते, म्हणून एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, वरचेवर बघतात. मध्येच हा ज्यूस चालू असेल आणि आकडे वाढले तर दोष औषधाचा की ज्यूसचा हे डॉक्टरने कसं ओळखायचं? त्या गोंधळात चालू औषध थांबवायची वेळ येऊ शकते. काकीच्या डॉक्टरांनी लेबल बघितलं आणि ज्यूस सरळ बंद करायला सांगितलं. कुणाकडे पेशंट असेल तर काढा, चूर्ण, आसव जे काय देताय ते आधी डॉक्टरला दाखवा, लपवू नका.

दुकानदाराने बाटली परत घेतली नाही, सील तोडलंय म्हणाला. बिल मागितलं तर छापील बिल नाही, वहीच्या कागदावर आकडा. त्यामुळे सर्व्हिसला शून्य.